ओझोनच्या छिद्रातून उष्णता आत येत नाही!

नमस्कार मंडळी. उन्हाळ्याच्या व्हिडिओखाली परत तीच कमेंट आलीय: 'ओझोनला भोक पडलंय, त्यातून उष्णता आत येते, म्हणून पृथ्वी तापते.' लाइकही भरपूर. (ओझोन म्हणजे आकाशात उंचावर असलेला, सूर्याचे अतिनील किरण अडवणारा वायूचा थर. तो विरळ झाला की म्हणतात छिद्र.) एका शिक्षिकेने वर्गातल्या तक्त्याचा फोटो पाठवलाय. पृथ्वीवर फाटकी छत्री आणि फटीतून घुसणारे लाल बाण. बाईंची तळमळ खरी आहे, चित्र चुकीचं आहे.

बेसिक पटकन सांगतो. उन्हाने जमीन आणि समुद्र तापतात, ती उष्णता अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्ण किरणांच्या रूपात वर जायला निघते. वाटेत पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन ती शोषतात, काही खाली परत पाठवतात. हे नसतं तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे 18 अंशांच्या आसपास असतं. आहे साधारण 15. कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीआधी हवेच्या दहा लाख भागांत 280 होता, आज 420 च्या वर आहे. कोळसा, तेल, गॅस, जंगलतोड. हे तुम्हाला माहीतच आहे.

आता जिथे गाडी अडते तिथे येऊ. तापमानवाढ उष्णता बाहेर जायला अडते म्हणून होतेय. बाईंच्या तक्त्यावर बाण जमिनीकडून वर जाणारे हवेत, आणि अर्ध्यातून वळून खाली येणारे.

निफाडच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र असलं की रात्री पारा असा उतरतो की बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. ढग आले की डाऊनी-भुरी या बुरशीच्या रोगांची धास्ती, पण थंडी पळते. रात्री कुठलं आलंय ऊन? दिवसाची उष्णता ढगांनी आणि वाफेने अडवली, एवढंच घडलं.

तरी पटत नसेल तर ओझोनचं छिद्र आहे कुठे ते बघा. अंटार्क्टिकावर, तेही मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरात. 1985 साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ते जगासमोर आणलं. आपल्या डोक्यावर नाही, विदर्भाच्या मे महिन्यात तर नाहीच नाही. त्यातून जास्तीचे येतात ते अतिनील किरण. त्वचेला, डोळ्यांना, पिकांना घातक, पण सूर्याच्या एकूण ऊर्जेतला त्यांचा वाटा अगदी किरकोळ.

आणि सगळ्यात जास्त तापतोय कोणता भाग? उत्तर ध्रुवाकडचा. तिथे हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नाही, आणि तिथली वाढ थंडीच्या महिन्यांतच सर्वांत ठळक आहे. सूर्यच नाही तर छिद्रातून काय येणार सांगा मला!

एकाने लिहिलंय, 'सर, सीएफसी ओझोन आणि तापमानवाढ, दोन्ही धड्यांत येतो, मग संबंध नाही कसा?' प्रश्न रास्त आहे. जुन्या फ्रिज-एसीतला हा वायू, पूर्ण नाव क्लोरोफ्लुरोकार्बन, ओझोन तर खातोच, शिवाय उष्णताही अडवतो, रेणूला रेणू धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट. हे 1975 मध्ये दाखवलं हवामानशास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन यांनी. हा माणूस आधी सिकंदराबादेत फ्रिजच्या कारखान्यात इंजिनियर होता, वायूची गळती कशी थांबवायची हेच त्याचं काम. मला ही गोष्ट फार आवडते. तर वायू एक, पण उपद्व्याप दोन, आणि ते वेगवेगळे.

मी एवढा जीव का काढतोय? कारण 1987 च्या मॉन्ट्रियल करारानंतर सीएफसी बंद होत गेले, ओझोन सावरतोय, अंटार्क्टिकावर 2066 च्या सुमारास 1980 च्या पातळीला येईल असा अंदाज आहे. फार मोठं यश आहे हे. पण लोक ती बातमी मला पाठवतात आणि खाली लिहितात, 'चला, आता तापमान उतरेल.' नाही उतरणार! कोळसा जळतोच आहे, आणि आजचा कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं रेंगाळणार आहे.

शेवटचा पुरावा तुमच्या भिंतीवर असेल. एसीच्या लेबलवर आतल्या गॅसचं नाव आर-32 किंवा आर-410ए दिसेल. ओझोनला दोघांचाही धोका नाही. तरीही आर-32 कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट उष्णता अडवतो, आर-410ए सुमारे दोन हजार पट. म्हणून मेकॅनिक गॅस भरायला आला की जुना गॅस हवेत सोडू देऊ नका, सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगा. त्याची सोय नसेल तर दुसरा मेकॅनिक बोलवा.