साप मेले म्हणून त्यानं बांबू लावला

परीक्षा बोंबलली, नोकरी मिळेना, की आपलं ठरलेलं वाक्य असतं: सगळं सोडून रानात जाऊन राहावं! जाऊन तिथे करणार काय, ते मात्र कोणी बोलत नाही. म्हणून आज जादव पायेंगची गोष्ट.

साल 1979. आसाम, ब्रह्मपुत्रेतलं माजुली बेट. पूर ओसरला आणि जवळच्या चापोरीवर, म्हणजे नदीतल्या वाळूच्या पट्ट्यावर, सापांचा खच पडला. पुरात वाहून आलेले, सावलीला एक झाड नाही, उन्हात होरपळून मेले. मिसिंग या आदिवासी समाजातला हा पोरगा, जादव, मिसरूड फुटायचं वय, तिथेच बसून रडला. वनखात्याकडे गेला, तर उत्तर मिळालं, इथे झाडं जगायची नाहीत, बांबू लावून बघ. लावला.

पुढे तिथे सामाजिक वनीकरणाची योजना आली, 200 हेक्टरांची. हा त्यात मजूर. पाच वर्षांनी काम संपलं, बाकीचे घरी गेले, हा मागे राहिला. आणि लक्षात घ्या, तेव्हा तिथे रान नव्हतंच. वाळू होती.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, पाणी. नदी चहूबाजूंनी, पण इतक्या रोपांना एकटा माणूस पुरणार कसा? त्यानं प्रत्येक रोपावर बांबूचा छोटा मांडव घातला आणि वर बारीक भोकं पाडलेली मडकी ठेवली. महादेवाच्या पिंडीवरचं अभिषेकपात्र आठवा, अगदी तसंच. एकदा भरलं की आठवडाभर थेंब थेंब गळत राहायचं. वाळूची माती व्हावी म्हणून गावातनं लाल मुंग्या आणून सोडल्या. चावल्या हो, कडकडून चावल्या!

संन्यासी वगैरे नव्हता हं तो. गुरं पाळून दूध विकायचा. नंतर संसारही झाला. जंगल वाढलं, वाघ आले, त्यांनी त्याचीच गुरं मारली.

वनखात्याला या जंगलाचा पत्ता लागला 2008 मध्ये, शंभरावर हत्ती तिकडे वळले तेव्हा. हत्तींनी जवळच्या गावात नासधूस केली, म्हणून लोक हे जंगलच तोडायला निघाले. हा आडवा उभा राहिला: आधी मला मारा.

2015 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आता 'ते' म्हणायला हवं. त्यांचं घरचं नाव मुलाई, म्हणून जंगल मुलाई काथोनी. सुमारे 550 हेक्टर. ब्रह्मपुत्रा माजुलीचे लचके तोडतेच आहे, आणि पायेंग पुढच्या चापोरीवर रोपं नेतायत.