तीन व्होल्टचा सेल

[गल्ली, यंत्रमागांचा खडखडाट]

सोलापूरचा पूर्व भाग. भिंतीपलीकडे यंत्रमाग चालू आहेत, अलीकडे हे टेबल. इथं जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टम चालवतात.

[झाकण उघडतं]

कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरचा डेस्कटॉप, 2 जीबी रॅम. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या, फटींत सुताचा बारीक केर गादीसारखा बसलाय. ब्रशनं निघत नाही. पंखा काढून चिमट्यानं ओढावा लागतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. हा केर तसाच राहिला तर मे महिन्यात मशीन तापून मध्येच बंद पडतं आणि शिव्या लिनक्सला बसतात.

[मीटर जवळून]

हा चपटा सेल, सीआर 2032. नवा असेल तर 3 व्होल्ट. हा दाखवतोय 2.1. अशा सेलवर विजेची वायर काढली की तारीख मागे जाते, बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, सेटिंग पुसल्या जातात. बूटचा क्रम, म्हणजे आधी कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते, बदलला की मशीन भलत्याच डिस्ककडे बघतं. तारखेचं आणखी वेगळं: डिस्कवरची शेवटची नोंद भविष्यातली दिसते, म्हणून सुरू होतानाची डिस्कची तपासणी कुरकुरते. चहा-भज्याच्या पैशात नवा सेल येतो. आधी तो बदला.

[काळा पडदा, एकच ओळ]

ग्रब रेस्क्यू. ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम, तो अडकला की ही ओळ येते. इथं घाबरून लोक सगळं पुसतात. कशाला? पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एखादा भाग, काढलं-घातलं की क्रमांक सरकतो, ग्रबला स्वतःच्या फायली सापडत नाहीत, एवढंच. 'एलएस' दिलं, तीन पार्टिशन आली. एकेकात बूट, त्यात ग्रब हे फोल्डर शोधायचं. 5 क्रमांकाच्या पार्टिशनात मिळालं. रूट (ते पार्टिशन) आणि प्रिफिक्स (ते फोल्डर) तिथं सेट केले. मग 'इनस्मॉड नॉर्मल', मग 'नॉर्मल'.

मेनू आला, पण या वेळेपुरताच. आत गेल्यावर ग्रब-इन्स्टॉल चालवायचं, तेही पूर्ण डिस्कवर, म्हणजे एसडीएवर. एसडीए-1, म्हणजे त्यातलं एकच पार्टिशन, लिहिलं की फसलं. शेवटी अपडेट-ग्रब.

मेनूनंतर पडदा काळाच राहिला तर ई दाबून 'लिनक्स'नं सुरू होणाऱ्या ओळीच्या टोकाला 'नोमोडसेट' (ग्राफिक्सनं पडद्याचा मोड बदलू नये म्हणून) जोडा, मग एफ10. प्रोसेसर निव्वळ 32 बिटी असेल तर डेबियन या लिनक्सच्या 13 व्या आवृत्तीच्या नादी लागू नका, त्यात तसा इन्स्टॉलरच नाही. 12 घ्या.

[भंगाराचा हातगाडा]

विंडोज 10 ची नेहमीची अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. त्यानंतर अशी मशीन इथं येतात.

[सकाळ, तेच टेबल]

रात्रभर वायर काढून ठेवली होती. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा.