ताप उतरला, पण चक्कर का जात नाही?

मंडळी, फ्लू किंवा कोविडचा ताप काही दिवसांत उतरतो, खोकलाही हळूहळू जातो. पण काही जणांना त्यानंतर कॉटवरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, छाती धडधडते आणि 'आता मी पडणार' ही भीती मनात घर करते. ईसीजी ठीक, रक्ताचे रिपोर्ट ठीक, म्हणून घरचे म्हणतात, "मनाचे खेळ आहेत." नाहीत हो! हे शरीरात खरंच घडत असतं.

आठवडा-दोन आठवडे अंथरुणात काढले की रक्तातला पातळ भाग कमी होतो आणि पोटऱ्यांचे स्नायू ढिले पडतात. उभं राहिल्यावर पायांत उतरलेलं रक्त वर ढकलायचं काम त्या पोटऱ्यांचं. त्या कमी पडल्या की हृदय धावाधाव करतं. काहींची नाडी उभं राहिल्यावर १० मिनिटांच्या आत ३० ठोक्यांनी किंवा त्याहून जास्त वाढते, रक्तदाब मात्र तितका उतरत नाही. याला 'पॉट्स' म्हणतात, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. काहींच्या आतल्या कानातून येणाऱ्या, तोल सांभाळणाऱ्या नसेला सूज येते, मग घर गरगर फिरतं. त्यात माणूस घाबरून भराभर श्वास घेतो. कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटांना मुंग्या येतात, चक्कर वाढते. चक्कर वाढली की भीती आणखी वाढते.

मग माणूस मान ताठ धरून, भिंतीला हात लावून चालू लागतो. माझं म्हणणं इतकंच आहे की तोलाची नस दुखावली असेल, तर ही जपणूकच चक्कर टिकवून ठेवते. मेंदूला पुन्हा सवय व्हायची तर थोडी थोडी चक्कर सोसावी लागते. इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुकसी या डॉक्टरांनी १९४०च्या दशकात याच विचारावर व्यायाम बसवले, आणि ती पद्धत आजही चालते.

आत्ता बसल्या जागी करून बघा. एक हात लांब करा, अंगठा डोळ्यांसमोर उभा धरा. नजर नखावर ठेवा. 'नाही, नाही' म्हणताना हलवतो तशी मान डावी-उजवीकडे फिरवा. नख स्पष्ट दिसत राहिलं पाहिजे. पुसट झालं की वेग कमी करा. अर्धा मिनिट पुरे, दिवसातून तीन वेळा. थोडं गरगरेल. ते दोन-चार मिनिटांत निवलं तर प्रमाण बरोबर आहे. अर्धा तास रेंगाळलं तर उद्या कमी करा. मानेचं जुनं दुखणं असेल तर आधी विचारून घ्या.

सकाळी उठण्याआधी आडवं असतानाच पावलं वीसेक वेळा वर-खाली करा, मिनिटभर कडेला बसा, मग उभे राहा. धडधड सुरू झाली तर पोटावर हात ठेवून चार अंक मोजत श्वास घ्या आणि सहा मोजत सोडा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. आज थोडं चाललं आणि उद्या-परवा अंगातलं त्राण पूर्ण गेलं, असं होत असेल तर व्यायाम वाढवत नेऊ नका. अशांनी आधी विश्रांतीचं गणित बसवायचं. आणि छातीत दुखलं, शुद्ध हरपली, बोलणं अडखळलं, एका बाजूची ताकद गेली किंवा अचानक ऐकू येईनासं झालं, तर थेट हॉस्पिटल गाठा.

चालायला सुरुवात घरातच करा, मग सोसायटीच्या आवारात. त्यानंतर आपल्या ठाण्यातल्या तलावाकाठची पहाटेची तलावपाळी: बसायला बाक आहेत, गर्दी नसते. चालताना बोलता आलं पाहिजे, इतकाच वेग. गजबजलेला गोखले रोड आणि स्टेशनबाहेरचा बसगाड्यांचा सॅटिस पूल सर्वांत शेवटी, कारण दोन्ही बाजूंनी माणसं आणि गाड्या सरकत असताना डोळे एक सांगतात, कान दुसरंच. तिथे पहिल्यांदा जाताना कुणीतरी सोबत असावं. पण दंड पकडून नाही, नुसतं शेजारून चालत.