ज्याला स्वतःला वाचवता आलं नाही

[काळोख. हळूहळू उजळत जाणारा एक डोळा. फक्त डोळा.]

हा डोळा शांत आहे. भुवई सैल, नजर ओलसर. आपलं बोलणं संपेपर्यंत कुणीतरी थांबून राहिलंय, असं वाटावं.

[दुसरा डोळा.]

आणि हा? भुवई वर चढलेली, डोळ्याखाली सावली, गाल ओढलेला. याच्यापुढे थापा चालायच्या नाहीत.

[कॅमेरा मागे सरकतो. पूर्ण चेहरा.]

दोन्ही डोळे एकाच चेहऱ्यावरचे आहेत. इजिप्तमध्ये सिनाई पर्वताच्या पायथ्याशी संत कॅथरीनचा मठ आहे. तिथं जपलेलं हे सहाव्या शतकातलं येशूचं चित्र. लाकडी फळीवर, वितळलेल्या मेणात रंग कालवून काढलेलं. पुढे आठव्या-नवव्या शतकांत बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन, साम्राज्यात पवित्र चित्रं नष्ट करण्याची लाट आली. हा मठ तोवर त्या साम्राज्याच्या हद्दीबाहेर गेला होता, म्हणून हे चित्र वाचलं.

चित्राचा उभा अर्धा भाग झाकून बघा. मग दुसरा झाका. दोन वेगळी माणसं दिसतात. एका बाजूला आशीर्वादासाठी उचललेला हात, दुसऱ्या बाजूला छातीशी धरलेला ग्रंथ. जाणकार सांगतात, एक बाजू मानवाची, दुसरी देवाची. किंवा एक दयाळूची, दुसरी न्यायाधीशाची. मला ही वाटणी जरा सोयीची वाटते. कारण चित्रासमोर थोडा वेळ बसलं की नजर एका बाजूवर ठरतच नाही. ती इकडून तिकडे जात राहते. या चेहऱ्याचं चिंतन करणाऱ्यांची अनेक शतकं अशीच गेली आहेत.

[पाणी. दूरवर काठ.]

मराठीत आपण त्याला 'तारणारा' म्हणतो. तरणे, तारणे, तारू. शब्दातच पाणी आहे, बुडणारा आहे, पलीकडचा काठ आहे. हिब्रू 'येशूआ' या नावाचा अर्थ: यहोवा, म्हणजे देव, तारण करतो. शुभवर्तमानं म्हणजे बायबलमधली येशूच्या आयुष्याची पुस्तकं. मत्तयच्या शुभवर्तमानात देवदूत मरीयेच्या नवऱ्याला, योसेफाला, बाळाचं हे नाव ठेवायला सांगतो आणि कारणही देतो: तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. पापांपासून! रोमच्या करांपासून नाही, सैनिकांपासून नाही. आपल्याला कशातून सोडवायला हवंय, हे आपल्याआधी त्यानंच ठरवून टाकलेलं. तारणाऱ्याशी भक्ताचं पहिलं भांडण होतं ते इथंच.

'तारणारा' ही पदवी तेव्हा काही नवी नव्हती. ग्रीक भाषेत 'सोतेर'. राजे ती मिरवायचे. आजच्या तुर्कस्तानात प्रिएने नावाचं प्राचीन शहर होतं. तिथं सापडलेल्या इसवी सनपूर्व 9 सालच्या शिलालेखात सम्राट ऑगस्टसला तारणारा म्हटलंय आणि त्याच्या जन्मदिवसाला शुभवार्तेची सुरुवात. आता लूकचं शुभवर्तमान उघडा. रात्री मेंढरं राखणाऱ्या माणसांना देवदूत सांगतो, तुमच्यासाठी तारणारा जन्मलाय. खूण काय? गव्हाणीत निजवलेलं बाळ. शब्द सम्राटाचाच. खाली ठेवला तो मात्र गुरांच्या चाऱ्यात.

[रोम. पॅलाटाईन टेकडी. भिंतीवर ओरखड्यांचं चित्र.]

हे बघा. हे कुणा भक्ताचं काम नाही. रोममधल्या पॅलाटाईन टेकडीवर 1857 साली सापडलेलं, साधारण इसवी सन 200 च्या सुमाराचं मानलं जाणारं हे कोरीव चित्र. वधस्तंभावर एक माणूस, पण डोकं गाढवाचं. शेजारी हात उंचावून उभा असलेला दुसरा माणूस. खाली ओबडधोबड ग्रीक अक्षरं: 'अलेक्सामेनोस आपल्या देवाची उपासना करतो.'

टवाळी आहे. कुणीतरी कुण्या अलेक्सामेनोसची खेचतंय. वधस्तंभ म्हणजे गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा. उघड्यावर, नागवं करून, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल अशी. त्यावर मेलेल्याला देव म्हणायचं? ओरखडे काढणाऱ्याला हसू आवरलं नसणार. पण मला वाटतं, ख्रिस्ती श्रद्धेतली अवघड जागा त्यानं बरोब्बर हेरली होती. येशूचा प्रचारक पौल यानंही करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलं होतंच, की वधस्तंभावर खिळलेला ख्रिस्त कुणाला अडखळण आहे, कुणाला मूर्खपणा.

त्या काळातले ख्रिस्ती लोक स्वतः वधस्तंभ फारसा रंगवतच नव्हते. रोमच्या भुयारी दफनभूमींत दिसतो तो खांद्यावर मेंढरू घेतलेला, दाढी न फुटलेला तरुण मेंढपाळ. पाचव्या शतकात रोमच्या सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर येशू दोन चोरांच्या मधे दिसतो, तेव्हाही त्याचे डोळे उघडे आहेत. मरण दाखवायला हात धजत नव्हता.

[वारा. उघडी टेकडी. क्षणभर निवेदन नाही.]

मार्कच्या शुभवर्तमानात वधस्तंभाखाली उभे असलेले लोक येशूची थट्टा करतात. यानं दुसऱ्यांना वाचवलं, म्हणतात, याला स्वतःला वाचवता येत नाही. खाली उतर, म्हणजे आम्ही विश्वास ठेवू.

हे वाक्य चिडवण्यासाठी म्हटलेलं आहे. पण भक्त ते पुन्हा पुन्हा वाचतो आणि एका क्षणी त्याच्या लक्षात येतं, की हे खरंच आहे. दोन्ही एकदम जमणार नव्हतं. उतरला असता तर सुटला असता. एकटा.

चर्चच्या धर्माचार्यांनी हे शब्दांत बसवायचा आटापिटा केला. 325 साली निकिया इथं ठरलं, पुत्र, म्हणजे येशू, पित्याशी, म्हणजे देवाशी, एकतत्त्व आहे. 451 साली खाल्केदोन इथं ठरलं, तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, दोन्ही स्वभाव मिसळलेले नाहीत आणि तोडताही येत नाहीत. वाद कडवे होते, त्यातून चर्च फुटलीसुद्धा. पण त्या वादांच्या आतला मुद्दा साधा आहे, आणि तो नाझियान्झसच्या ग्रेगरी या धर्माचार्यानं एका पत्रात एका वाक्यात मांडलाय: जे त्यानं स्वीकारलं नाही, ते बरंही झालं नाही. म्हणजे भीती त्यानं घेतली नसेल, तर माझी भीती तशीच उरली.

[कोल्मार, फ्रान्स. मोठं चित्र. कॅमेरा पायांपासून वर.]

वधस्तंभावरचा येशू. मांस काळंनिळं. बोटं वेडीवाकडी ताणलेली. अंगभर फोड. मथियास ग्रुनेवाल्डनं 1512 ते 1516 या काळात हे वेदीचित्र रंगवलं, इझेनहाइमच्या मठासाठी. आज ते कोल्मारच्या संग्रहालयात आहे. तिथं ते सुंदरच दिसतं, दिवेही नीट लावलेत. मूळ प्रेक्षक मात्र वेगळे होते. मठातले साधू 'संत अँथनीची आग' म्हटल्या जाणाऱ्या रोगाची शुश्रूषा करायचे. बुरशी लागलेल्या राय धान्यातून होणारा हा रोग. अंगाची आग व्हायची, हातपाय सडून गळायचे. असे रोगी या चित्रासमोर आणले जात. वर बघितलं की त्यांना स्वतःचीच कातडी दिसे.

त्यांना त्यातून काय मिळालं असेल? बरं वाटलं असेल असं मी म्हणणार नाही. पण तो वरून खाली बघणारा नाही, एवढं तर त्यांना दिसलंच असेल.

[मेणबत्ती. लहानशी खोली.]

इंग्लंडमधल्या नॉर्विचची ज्युलियन 1373 च्या मे महिन्यात मरणाला टेकली होती. वय तीस. धर्मगुरूनं तिच्या डोळ्यांसमोर क्रूस धरला. ती बघत राहिली, आणि तिला दर्शनं झाली. ती वाचली, आणि पुढे कित्येक वर्षं त्याच दर्शनांवर विचार करत राहिली. तिच्या चिंतनात येशू आई होतो. प्रसववेदना सोसून जन्म देणारी, स्वतःच्याच देहातून पाजणारी आई. मेंढपाळ झाला, न्यायाधीश झाला, रोगी झाला, आता आई. चेहऱ्याची आणखी एक बाजू.

[चालती पावलं. धुळीची वाट.]

जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला मुळात सैनिकी पेशातला. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्याचा पाय मोडला, आणि अंथरुणावर पडल्यापडल्या त्याचं आयुष्य फिरलं. त्यानं आखून दिलेल्या ध्यानात तो साधकाला मोठमोठे प्रश्न घालत नाही. तो म्हणतो, नाझरेथहून बेथलेहेमला जाणारी वाट डोळ्यांसमोर आणा. किती लांब? किती रुंद? सपाट की दऱ्याखोऱ्यांतून? आणि जन्माची ती गुहा, उंच की ठेंगणी? हे मला फार आवडतं. देवाचा स्वभाव कळायला आधी छताची उंची बघायची.

पूर्वेकडच्या, ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या साधूंची रीत याच्या उलट. चित्र उभं करायचंच नाही. श्वासासोबत एकच विनवणी, दिवसभर: प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा बार्तीमय जवळपास हेच ओरडत होता. लोक त्याला गप्प बस म्हणत होते. येशू थांबला आणि त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करू?

आंधळ्याला हे विचारायचं?

[चर्चचा अंतर्भाग. वेदीवर कापड नाही, मेणबत्त्या नाहीत.]

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. कॅथलिक उपासनेत या दिवशी योहानच्या शुभवर्तमानातलं येशूचं दुःखसहन वाचलं जातं. लांबलचक वाचन, सगळे उभे. मुलं चुळबुळतात, म्हातारे बाकाला टेकतात. बागेतली अटक, शिष्य पेत्राचं त्याला नाकारणं, रोमन सुभेदार पिलाताचे प्रश्न, झग्यासाठी चिठ्ठ्या. ओघात वाचन पुढे सरकत असतं. मग ते वाक्य येतं: त्यानं मस्तक लववून प्राण सोडला.

वाचणारा थांबतो. सगळे गुडघे टेकतात.

[गुडघे टेकल्याचा आवाज. मग काहीच नाही. शांतता कापू नये, पूर्ण ठेवावी.]