माणशी १५ लिटर पाणी आणि सहा चौरस मीटर भाजी

[दृश्य : गांधीनगरचा कापडबाजार, दुपारची गर्दी]

लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरकर शहराजवळच्या गांधीनगरला येतात, ती ही पेठ एका छावणीच्या जागेवर वसलेली आहे. १९४३ ते १९४८ या काळात इथे, वळिवड्याला, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. ते गेल्यावर फाळणीत घरदार सुटलेली सिंधी कुटुंबं इथे आली.

छावणी कुठलीही असो, धान्य, डाळ, तेल, मीठ ट्रकमधून येतं. पालेभाजी येत नाही, कारण ती वाटेतच सडते. म्हणून ती घरापुढेच, वापरलेल्या पाण्यावर पिकवायची. ती कशी, ते कोल्हापुरातल्या एका अंगणात पाहू. मदतकार्यात पाण्याचं किमान माप माणशी रोज १५ लिटर धरतात. पाच जणांच्या घराला ७५ लिटर. पिणं, रांधणं, अंघोळ, धुणं, सगळं त्यातच. बागेसाठी म्हणून वेगळं पाणी नसतंच. अंघोळीचं आणि धुण्याचं मिळून ३० लिटर पाणी परत हाती लागलं आणि उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज ५ लिटर धरलं, तर बाग निघते सहा चौरस मीटरची. हौसेनं दुप्पट आखली की एप्रिलात सगळीच करपते.

[दृश्य : कोल्हापुरातलं एक अंगण. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद असे दोन वाफे. शेजारी विटांच्या ओट्यावर निळा ड्रम]

ड्रम ५० लिटरचा. त्यात आधी काय होतं हे विचारूनच घ्यायचा. फवारणीच्या औषधाचा असेल तर कितीही धुतला तरी नको. तळ जमिनीपासून एक मीटर उंच. भरल्यावर वजन पन्नास किलोच्या वर जातं, म्हणून ओटा विटा सांधमोड करून, म्हणजे सांध्यावर सांधा येऊ न देता, रचलेला. तोटी तळापासून चार बोटं वर बसवलीय, म्हणजे गाळ खाली राहतो. तोटीनंतर जाळीचा फिल्टर, मग १६ मिलिमीटरची नळी, आणि प्रत्येक वाफ्यात दोन ओळी.

इथे एक चूक हमखास होते. उसाच्या रानातले उरलेले ड्रिपर, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या, आणून लावतात. त्यावर ताशी ४ लिटर लिहिलेलं असतं, पण ते दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाला. आपल्याकडे दाब एक मीटरचा. दाब दहापट कमी झाला की साध्या ड्रिपरचं पाणी साधारण तिपटीनं घटतं, म्हणजे ताशी सव्वा लिटर. तेवढ्यावर भागतं, फक्त तोटी जास्त वेळ सोडायची. मात्र चढउतारावर सारखं पाणी देणारे दाबनियंत्रित ड्रिपर इथे कामाचे नाहीत. त्यांना लागणारा किमान दाबच या ड्रममधून मिळत नाही. वापरलेल्या पाण्याला तर आम्ही ड्रिपरच सुचवत नाही. ड्रिपरमधली वाट नागमोडी आणि अरुंद, साबणाचा साका तिथेच धरतो. त्यापेक्षा मायक्रोट्यूब, म्हणजे मुख्य नळीत खोचायची बारीक नळी, बरी. तुंबली तर ओढून काढायची, तार घालायची, परत खोचायची.

[दृश्य, जवळून : पहिल्या आणि शेवटच्या मायक्रोट्यूबखाली एकेक पेला]

दहा मिनिटं थांबून दोन्ही पेले मापायचे. शेवटचा बराच कमी भरला तर नळीत माती आहे किंवा ओळ चढाला गेलीय. उलट, उताराच्या टोकाला ३० सेंटिमीटरचा जरी फरक असला तरी तिथे सातवा हिस्सा पाणी जादा पडतं. एवढ्याशा दाबात वीतभर उतारही जाणवतो. ओळ उताराला आडवी टाकायची. नळी ताणून बांधू नये. दुपारी वाढते, रात्री आखडते आणि जोड सुटतात. आठवड्यातून एकदा शेवटची टोपी काढून नळी धुवायची.

भांडी घासलेलं पाणी यात घ्यायचं नाही. त्यातलं तेल वाळूच्या थरावर बसलं की गाळणं संपलं. गाळणं म्हणजे एक जुनी बादली, बुडाला भोकं पाडलेली : खाली मोठी खडी, मग बारीक, वर वीतभर धुतलेली वाळू, तोंडाला फडकं. गाळलेलं पाणी त्याच दिवशी संपवायचं. रात्रभर ठेवलं तर वास मारतं. कच्ची खायची कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात यांना हे पाणी नको. पोकळा, अंबाडी, दोडका, भेंडी चालतात, कारण ती शिजतात आणि पाणी मुळाशी पडतं.

साबणातला सोडियम मात्र गाळला जात नाही. जमीन कडक होते, वर पापुद्रा धरते. क्षार साठून नापीक झालेली जमीन, म्हणजे क्षारपड, काय असते हे शिरोळ तालुक्याला सांगायला नको. कोल्हापुरात जूनचा पाऊस बराचसा क्षार धुऊन नेतो. केनियातल्या काकुमासारख्या छावणीच्या मुलखात पाऊस इतका तुटपुंजा की क्षार साठतच जातो. तिथे मधूनमधून स्वच्छ पाण्याची एक पाळी द्यावीच लागते. वाळूसर जमिनीत पाणी सरळ खाली पळतं, म्हणून एकदाच न देता सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं. आपल्या काळ्या मातीत ते आडवं पसरतं, एक वेळ पुरे.

युगांडात निर्वासित कुटुंबांना शेतीला जमिनीचा तुकडा देतात. बऱ्याच ठिकाणी झोपडीपुढे वाफ्याइतकीही जागा नसते. तिथे पोत्यातली बाग, केनियाच्या छावण्यांत चालत आलेली.

[दृश्य : खताचं रिकामं पोतं, धुऊन वाळवलेलं. मधोमध बुडं काढलेला तेलाचा डबा]

डब्यात खडी, बाहेर माती आणि कुजलेलं शेणखत. थर भरला की डबा वर ओढायचा, पुन्हा भरायचं. शेवटी पोत्याच्या मधून खडीचा खांब उभा राहतो. अंगाला वीतभर अंतरावर चिरा पाडून रोपं, वरही रोपं. पाणी खडीवरच ओतायचं. कंटाळून खडीचा खांब केलाच नाही की वरची वीतभर माती चिखल होते आणि खालची रोपं आठवड्यात माना टाकतात. पोतं मात्र उन्हात एक-दोन हंगामांत विरतं, तेव्हा दुसरं जवळ असावं.

ड्रमला झाकण आणि झाकणाखाली फडकं बांधलेलं हवं. साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात, आणि छावणीत घराला घर लागून असतं.