ठाण्याची टोइंग व्हॅन, मुंबईची हद्द : परवाना मागायचा अधिकार कुणाला?

नमस्कार मंडळी.

समजा, रात्री अकराच्या सुमारास मुलुंडच्या आनंदनगर नाक्याजवळ तुमची गाडी बंद पडली. क्लचप्लेट गेली, गिअर पडत नाही, मागून ट्रेलरवाले हॉर्न मारतायत. तुम्ही फोन लावता कळव्याच्या तुमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याला, कारण काम शेवटी त्याच्याकडेच करायचंय. तो टोचनची गाडी पाठवतो. नंबर एमएच ०४, म्हणजे ठाणे आरटीओ. आणि तुम्ही उभे आहात मुंबईच्या हद्दीत. तुमची गाडी उचलायला त्या व्हॅनने मुंबईचा वेगळा परवाना काढायला हवा का?

यावरून अमेरिकेत भांडण थेट सुप्रीम कोर्टात गेलंय. आधी ते बघू, कारण युक्तिवाद तिथे फार नेमके झालेत.

ओहायो राज्यात कोलंबस नावाचं शहर आहे. त्या शहराचा नियम असा : आमच्या हद्दीत गाडी उचलायची, तर आमचं लायसन्स घ्या, व्हॅनची तपासणी करून घ्या, ठरलेला विमा काढा, व्हॅनवर माहिती लिहा, नोंदी ठेवा. तुमचं दुकान कुठे आहे हा मुद्दा नाही, गाडी कुठून उचलताय हा मुद्दा. त्यामुळे शेजारच्या गावातला टोचनवाला एका फोनवर कोलंबसात शिरला, तरी या नियमात आला. आसपासच्या प्रत्येक शहराने असाच नियम केला तर? त्या माणसाने धंदा करायचा की लायसन्सं गोळा करत फिरायचं?

‘अवर्स गॅरेज’ नावाचा व्यवसाय आणि ओहायोतली टोइंगवाल्यांची संघटना कोर्टात गेली. त्यांच्या हातात १९९४ सालचा केंद्रीय कायदा होता. तो म्हणतो, मालवाहतूकदाराचा दर, मार्ग आणि सेवा यांवर राज्यांनी किंवा स्थानिक संस्थांनी कायदे करायचे नाहीत. त्यातला एक अपवाद : राज्याचा सुरक्षेविषयीचा अधिकार अबाधित. या अपवादात शब्द फक्त ‘राज्य’. शहराचं नाव नाही. खालच्या कोर्टांनी तेवढ्यावर टोइंगवाल्यांच्या बाजूने निकाल दिला.

जून २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो सात विरुद्ध दोन असा फिरवला. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलं की राज्य आपला सुरक्षेचा अधिकार शहराकडे सोपवू शकतं. पण मोकळं रान दिलं नाही. नियम खरोखर सुरक्षेसाठी असेल तरच तो टिकेल, असं बजावलं. न्यायमूर्ती स्कालिया आणि ओ’कॉनर विरोधात होते. स्कालियांचं म्हणणं सरळ होतं : त्याच कायद्यात इतर ठिकाणी राज्य आणि स्थानिक संस्था दोन्ही लिहिलंय, इथे स्थानिक संस्था गाळल्या, त्या मुद्दाम गाळल्या.

मला निकाल पटतो, आणि का ते सांगते. टोइंग हे हलगर्जीपणा खपवून घेणारं काम नाही. गाडीच्या बंपरमध्ये एक छोटं झाकण असतं, ते काढून आत हूक फिरवून बसवायचा असतो. घाईत असलेला माणूस ते करत नाही, साखळी चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मला गुंडाळतो आणि व्हॅन दामटतो. ऑटोमॅटिक गाडी असेल आणि इंजिनाने फिरणारी चाकं रस्त्यावर ठेवून ओढली, तर गिअरबॉक्सचं काम निघतं, आणि तो खर्च तुमचा. साखळी चालत्या रस्त्यात सुटली तर मागच्या दुचाकीवाल्याचं काय, हे मी बोलायलाच नको. हे तपासायला कुणीतरी हवंच. तपासावी साखळी, ब्रेक, चालवणारा माणूस. व्हॅन कुठल्या गावची, याचा साखळीच्या मजबुतीशी संबंध नाही.

आता आपल्याकडे या. राज्यघटनेत मोटार वाहनं समवर्ती सूचीत आहेत, नोंद ३५. म्हणजे विषय संसदेचा आणि विधिमंडळाचा, महापालिकेचा नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ४६ सांगतं की एका राज्यात नोंदलेली गाडी भारतभर नोंदलेलीच समजायची. व्यावसायिक वाहनाला मात्र कलम ६६ खाली परमिट लागतं, आणि कलम ८८ प्रमाणे एका विभागाचं परमिट दुसऱ्या विभागात प्रतिस्वाक्षरीशिवाय, म्हणजे त्या विभागाच्या मंजुरीशिवाय, सहसा चालत नाही. इथे वाटतं, झालं, ठाण्याची व्हॅन अडकली.

नाही अडकत. कलम ६६ च्या पोटकलम ३ मध्ये परमिटमधून सूट मिळालेल्या वाहनांची यादी आहे. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका यांच्याच रांगेत एक वाहन आहे : फक्त नादुरुस्त गाडी ओढून न्यायला, किंवा तिच्यातला माल सुरक्षित जागी हलवायला वापरलेलं वाहन. फिटनेस, विमा, लायसन्स यांतून मात्र या यादीने सूट मिळत नाही. नियम सुरक्षेपुरते, त्यापलीकडे नाहीत, ही जी रेघ कोलंबसच्या निकालाने ओढली, तीच आपल्या संसदेने १९८८ सालीच ओढून ठेवलीय, आणि मला याचा मनापासून आनंद वाटतो.

बाहेरच्या गाड्यांचा वाद आपल्याकडेही जुना आहे. १९६२ साली सुप्रीम कोर्टात राजस्थानचा वाहनकर गाजला. वाद सुरू झाला तेव्हा अजमेर वेगळं राज्य होतं, आणि तिथल्या बसचा थोडा रस्ता राजस्थानातून जायचा. राज्यघटनेच्या कलम ३०१ नुसार देशभर व्यापार मुक्त आहे, मग हा कर कसा, असा सवाल होता. कोर्टाने कर ठेवला आणि म्हटलं, वाहतुकीचे नियम किंवा रस्ता वापरण्याचा मोबदला म्हणून घेतलेला कर म्हणजे व्यापारात अडथळा नव्हे. यातलं कराबद्दलचं तत्त्व २०१६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बाजूला सारलं, तो वेगळ्या व्हिडिओचा विषय.

पण एक गाठ उरते. सूट ‘नादुरुस्त’ गाडी ओढणाऱ्याला आहे. नो पार्किंगमधून उचललेली तुमची धडधाकट गाडी नादुरुस्त कुठे असते? त्या उचलण्याला वेगळं कलम आहे, १२७. तिथे गणवेशातल्या, त्या हद्दीतल्या पोलीस अधिकाऱ्याने परवानगी द्यावी लागते, आणि उचलण्याचा खर्च मालकावर. तुम्ही बोलावलेली व्हॅन आणि तुमच्या मनाविरुद्ध आलेली व्हॅन यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्यात तुम्ही दर विचारू शकता, नको म्हणू शकता. दुसऱ्यात काहीच नाही. अमेरिकेच्या कायद्यातही मनाविरुद्धच्या टोइंगचे दर ठरवायची मुभा वेगळी लिहिलीय, ती याचसाठी. २०१७ मध्ये मालाडला एक आई बाळाला पाजत बसलेली असताना तिची गाडी उचलली गेली, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. कडक नियम हवेत ते इथे.

तेव्हा कळव्याची व्हॅन आली, तर तिचा नंबर एमएच ०४ म्हणून बिचकू नका. फिटनेस आणि विम्याचे कागद मागा, हूक कुठे लावतोय ते वाकून बघा, आणि गाडी हलायच्या आधी ठरलेला दर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. आणि नो पार्किंगवाली व्हॅन आली, तर पहिला प्रश्न : गणवेशातला अधिकारी कुठे आहे?