पंखा कुठे आहे ते आधी सांगा, मग माइक घेऊ

[टेबलावर दोन माइक, एक वही. मागे पुस्तकांचं कपाट.]

नमस्कार मंडळी. गेले काही दिवस तुमचा एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "ताई, घरच्या रेकॉर्डिंगला कुठला डायनॅमिक माइक घेऊ?" आणि माझा उलटा प्रश्नही ठरलेला आहे. तुमचा पंखा कुठे आहे?

हसू नका. मी इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर राहते. डोक्यावर सीलिंग फॅन, भिंतीपलीकडे आईचं स्वयंपाकघर, सकाळी खाली घंटागाडी गाणं वाजवत येते आणि देवळालीला तोफांचा सराव चालू असला, वारा तसा असला, की लांबून एक 'धप्प' येतं. हा माझा स्टुडिओ. तुमचाही साधारण असाच असणार. पंचवटीत असाल तर तोफेच्या जागी घंटा, एवढाच फरक.

मला कोणीतरी सांगितलं होतं, डायनॅमिक माइक घे, त्याला खोलीतला आवाज येतच नाही. मी भाबडी. चांगला जाडजूड माइक आणला, व्हिडिओत चेहऱ्यासमोर नको म्हणून टेबलावर लांब ठेवला, गेनचं, म्हणजे माइकचा आवाज वाढवायचं, बटण पूर्ण फिरवलं आणि एक अख्खी गोष्ट वाचून काढली. पाऊण तास. ऐकायला बसले तर गोष्टीत नायक कोण, तर मिक्सर. वर सगळीकडे 'स्सss' अशी खरखर, वेगळीच.

माइकची चूक नव्हती. डायनॅमिक माइकच्या आत असतो एक पातळ पडदा, त्याला चिकटलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि भोवती चुंबक. आवाजानं पडदा हलतो, वेटोळं चुंबकात मागेपुढे होतं, तारेत वीज तयार होते. सायकलचा डायनॅमो आठवतो ना, त्याच खानदानातला. आता यात ताईचा आवाज आत घे आणि आईचा मिक्सर बाहेर ठेव, असं ठरवणारं कोणी बसलेलंच नाही! पडद्याला वेटोळ्याचं वजन ओढायचं असतं म्हणून वीज कमी तयार होते, बारीक कुरकुरीत आवाजही थोडा कमी पकडला जातो. खरी गंमत यात आहे, की या माइकला तुम्ही अगदी तोंडाशी घेऊ शकता. तो कुरकुर करत नाही.

आणि जवळ म्हणजे किती, ते आपल्या जुन्या मापात सांगते. बारा अंगुळांची एक वीत, दोन वितींचा एक हात. बरोबर? आता ऐका.

[माइक ओठांपासून चार बोटांवर.]

हे चार बोटांवरून.

[माइक एक वीत लांब.]

हे एका वितीवरून. अंतर तिप्पट झालं, माझा आवाज साडेनऊ डेसिबलनं खाली गेला.

[माइक एक हात लांब.]

आणि हा एक हात. अजून सहा डेसिबल गेले. म्हणजे चार बोटांपासून इथपर्यंत साधारण साडेपंधरा डेसिबल. पण पंखा? पंखा होता तिथेच आहे, माइकला तो तेवढाच ऐकू येतोय. आता माझा आवाज वर आणायला मी गेन वाढवणार आणि त्याबरोबर पंखाही साडेपंधरा डेसिबलनं वर येणार. पाच हजारांचा माइक चार बोटांवर ठेवलात, तर तो हातभर लांब ठेवलेल्या चाळीस हजारांच्या माइकला खुशाल हरवेल. माझ्या घरात हरवलाय.

आता पंखा. बहुतेक डायनॅमिक माइक कार्डिऑइड असतात. विड्याचं पान डोळ्यांसमोर आणा. देठाकडे जी खाच असते ना, ती माइकची पाठ. तिथून त्याला सगळ्यात कमी ऐकू येतं. आपण काय करतो? माइक टेबलावरच्या छोट्या स्टँडवर ठेवतो, तोंड वर, माझ्या हनुवटीकडे. आणि माझ्या हनुवटीच्या वर कोण? पंखा! म्हणजे नेम धरून पंख्याचंच रेकॉर्डिंग चाललंय. तोच माइक टेबलाला अडकवायच्या लांब दांड्याला, म्हणजे आर्मला लावून वरून खाली, तोंडाकडे झुकवा. पंखा पाठीमागे गेला. नाशिकच्या मे महिन्यात पंखा बंद करून गोष्ट वाचायची कोणाची छाती आहे, म्हणून हे सांगतेय. भिंतीवर आपटून येणारा आवाज उरतोच, पण फरक कानाला कळतो.

एक सावधगिरी. ऑडिओ-टेक्निकाचा एटी २०४० हायपरकार्डिऑइड आहे, शुअरचा बीटा ५८ए सुपरकार्डिऑइड. यांना बाजूचं कमी ऐकू येतं, पण अगदी पाठीमागून थोडं येतंच. त्यांची बहिरी जागा पाठीच्या जरा अलीकडे, दोन्ही बाजूंना असते. कॉम्प्युटरचा पंखा माइकच्या अगदी पाठीमागे सरळ रेषेत नको, तिरका ठेवा.

आता ती 'स्सss'. ती गेनची भानगड. माइक हळू बोलला की गेन टोकाला न्यावा लागतो आणि ही खरखरही वर येते. शुअरचा एसएम ७बी, सगळ्या पॉडकास्टमध्ये दिसणारा तो काळा लांबुळका, त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच आवाजाला तो किती वीज देतो ते, आहे उणे ५९ डेसिबल. एसएम ५८ची उणे ५४.५. म्हणजे स्वस्तातला ५८ जास्त जोरात बोलतो! एसएम ७बीला कंपनी स्वतःच किमान ६० डेसिबल गेन सांगते. माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा म्हणजे इंटरफेस; फोकसराइटच्या स्कार्लेट सोलो या इंटरफेसच्या तिसऱ्या पिढीत मिळतात ५६. दुकानात हे कोणी सांगत नाही. म्हणून लोक मग मध्ये क्लाउडलिफ्टर नावाचा बूस्टर लावतात, तो २५ डेसिबल वाढवतो, पण पुन्हा पैसे गेले. स्कार्लेट २आय२च्या चौथ्या पिढीत ६९ डेसिबल आहेत, तिथे प्रश्न येत नाही. २०२३ साली आलेल्या एसएम ७डीबीमध्ये बूस्टर आतच आहे. तेव्हा माइक निवडायच्या आधी आपल्या डब्यावर गेन किती, ते वाचा.

मग घ्यायचा कुठला? इंटरफेस नसेलच तर सॅमसन क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीआर २१००एक्स. यूएसबीनं थेट लॅपटॉपला लागतात, पुढे इंटरफेस आला की एक्सएलआर या तीन पिनांच्या केबलवरही चालतात. इंटरफेस असेल तर मी डोळे मिटून ५८ म्हणेन. १९६६ पासून जवळपास तसाच आहे. एसएम म्हणजे स्टुडिओ मायक्रोफोन, आपण त्याला उगाच ऑर्केस्ट्राचा माइक म्हणून बाजूला ठेवलं. फक्त ५८ची नक्कल बाजारात भरपूर फिरते, अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. तबला, हार्मोनियम असेल तर एसएम ५७. आणि ज्या दादांनी विचारलंय की घरात नाशिक ढोल कसा रेकॉर्ड करू: माइक सहन करेल हो, शेजारी करतील का?

एसएम ७बी वाईट नाही. त्याच्या पाठीवर एक स्विच आहे, तो खालचा घरघराट कापतो. तोफेचा 'धप्प', ट्रकची गुरगुर, तिथे खरंच उपयोग होतो. जवळ आलात की आवाज जाड होतो, तो जाडपणाही आवरतो. इलेक्ट्रो-व्हॉइसच्या आरई २०ला तर ही जाडी जवळजवळ येतच नाही, रचनाच तशी आहे. पण दोन्ही पहिला माइक म्हणून नकोत.

आणि ट्रायल घेताना "हॅलो, चेक, वन टू" करू नका. त्यात आपले 'भ' आणि 'फ' कुठे? आपल्याला हवं हे:

[माइक सरळ ओठांसमोर.]

"भाऊ, पोह्यांवर फरसाण भुरभुरा."

ऐकलंत? चार फटाके फुटले. आता माइक तोंडाच्या कोपऱ्याशी, जरा तिरका.

"भाऊ, पोह्यांवर फरसाण भुरभुरा."

हवा बाजूनं निघून गेली. मग "चमचाभर साखर जास्तच झाली" म्हणून बघा, 'च' आणि 'स' टोचतात का ते कळेल. ५८च्या जाळीत आत फोम असतो, तरी पंधरा-वीस मिनिटं वाचायचं असेल तर बाहेरून अजून एक फोमची टोपी चढवा.

[आतून आवाज: "झालं का गं? चटणी राहिलीय, मिक्सर लावू?"]

लाव गं, लाव. मंडळी, मी चार बोटांवर येतेय, मिक्सर माइकच्या पाठीमागे. काहीही कापणार नाहीये. हेडफोन लावा आणि ऐका: "भाऊ, पोह्यांवर फरसाण भुरभुरा…"